राज्यमाशाचा निकाल लावण्याची शास्त्रशुद्ध रीत

समुद्र रिकामा करायचाय, पण अंगाला काही लागू द्यायचं नाही? मग कायदा, अर्थशास्त्र आणि जीवशास्त्र यांची मोट बांधा. सुटं सुटं प्रत्येक शास्त्र अडचणीत आणतं. तिघांची संयुक्त समिती नेमली की प्रत्येक जण उरलेल्या दोघांकडे बोट दाखवतो.

नमुन्याला पापलेट घ्या. २०२३ मध्ये सरकारने त्याला राज्यमासा केलंय. म्हणजे श्रद्धांजलीचा मजकूर निम्मा तयार.

आधी अर्थशास्त्र. कॉलिन क्लार्क या कॅनडातल्या गणितज्ञाने १९७३ साली दाखवून दिलं, की मासा वाढतो त्याहून ठेवीवरचं व्याज वेगाने वाढत असेल आणि मासेमारीचा खर्च सुटत असेल, तर सगळा मासा आजच मारून पैसे बँकेत टाकणं फायद्याचं. बिचाऱ्याने धोका सांगितला होता. तुम्ही सल्ला समजा. खर्च सुटायला बोटीच्या डिझेलवरच्या कराचा सरकारी परतावा आहेच.

मग जीवशास्त्र. ते म्हणतं, माशाला निदान एकदा वीण घालू द्या. म्हणून पापलेटची किमान लांबी १३५ मिलिमीटर ठरली, पोस्टकार्डाहून जराशी कमीच. शास्त्राचा मान राखा: पट्टी घ्या आणि ऑफिसात टांगा. बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जाळ्याला पट्टी कळत नाही, आणि जाळं वर येईतो पिल्लू मेलेलंच असतं. १ जून ते ३१ जुलै बंदीही मनोभावे पाळा. पावसात वाढीला लागलेली पिल्लं ऑगस्टच्या पहिल्या फेरीत एकगठ्ठा मिळतात. बंदी आणखी वाढवा म्हणून पालघरकडचे पारंपरिक मच्छीमार कधीचे ओरडतायत. त्यांचं निवेदन स्वीकारा, पोचही द्या.

कायदा सर्वांत गुणी. राज्याचा १९८१ चा कायदा किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, पुढे केंद्राचा अंमल. एलईडीच्या झगमगाटात मासे गोळा करायला केंद्राने २०१७ मध्ये मनाई केली, राज्याने २०२१ मध्ये दंड वाढवले. त्यामुळे दिवे आत लावले तर आपण बाहेर होतो म्हणावं, बाहेर लावले तर आत. हद्दीचा दगड पाण्यात कुणी रोवलाय?

बोट नसली तरी हातभार लावता येतो. बाजारात मावशी मोठं पापलेट दाखवील, भाव सांगील. तुम्ही पर्यावरणावर दोन वाक्यं बोला आणि विचारा, “ते बारके चार कसे लावले?”