सकाळी साडेसातची तोंडी परीक्षा

पुण्यात सकाळी दाराची बेल दोनदा वाजते. पहिली दूधवाल्याची, ती झोपेतच निभावते. दुसरीबरोबर ‘कचराऽ’ अशी हाक येते आणि मी दोन हातांत दोन बादल्या घेऊन परीक्षार्थीसारखा दारात उभा राहतो.

परीक्षक म्हणजे ‘स्वच्छ’च्या ताई. ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, १९९३ सालच्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या त्यांच्याच कामगार संघटनेतून निघालेली. २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. महिन्याचं शुल्क घरोघरचे लोक थेट ताईंना देतात, सुक्यातलं भंगार त्याच विकतात. त्यामुळे माझ्या कचऱ्याचा भाव त्यांना माझ्यापेक्षा नक्की ठाऊक.

पहिला प्रश्न दुधाच्या पिशवीवर. कोपरा कापून टाकला की गुण गेले! तो टिकलीएवढा तुकडा वेचायचा कुणी? चीर द्यायची, कोपरा पिशवीलाच लोंबकळत ठेवायचा, मग विसळून उपडी वाळवायची. न विसळलेली पिशवी दुसऱ्या दिवशी स्वतःच हजेरी लावते. वेफर्सचं चकचकीत पाकीट सुक्यातच, पण त्याला भाव नाही. प्लास्टिक आणि धातूचा थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की वेगळे करणं परवडत नाही. पिझ्झाच्या खोक्याचे मात्र दोन भाग: तेलकट तळ फाडून ओल्यात, कोरडं झाकण सुक्यात. कागद गिरणीला तेल चालत नाही. देवाचा हार? फुलं ओल्यात, जर आणि नायलॉनचा दोरा ओढून सुक्यात. देव काही म्हणत नाही, ताई म्हणतात.

डायपर आणि सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वर ठळक लाल ठिपका काढायचा, म्हणजे आत काय आहे ते पुडी न सोडता कळतं. फुटलेली काचही कागदात गुंडाळून वेगळी, हातात द्यायची आणि तोंडाने सांगायची.

आणि महापाप म्हणजे ओला कचरा कॅरीबॅगेत भरून वर दोन गाठी मारणं. आपल्याला ते नीटनेटकं वाटतं. ती गाठ ताईंना हाताने फाडावी लागते, आणि रात्रभर कोंडलेली आमटी थेट त्यांच्या मनगटावर येते.

शेवटी ताई बादली गाडीत उलटी करतात. सालांच्या ढिगातून स्टीलचा चमचा खणकन बाहेर पडतो. तो पुसून माझ्या हातात देत त्या विचारतात, “साहेब, हा ओला की सुका?”