इंजेक्शनआधीची साखर ३००, म्हणून मांजराचा डोस वाढवायचा?

मधुमेही मांजरांबद्दल एक संदेश बराच फिरतो आहे. त्यात चार दावे आहेत. इंजेक्शनआधी साखर ३००च्या वर दिसली की एक युनिट वाढवा. आकडा उतरला नाही तर दुसऱ्या दिवशी आणखी वाढवा. माणसांचं ग्लुकोमीटर मांजरासाठीही तितकंच अचूक असतं. सिरिंज इन्सुलिनची असली म्हणजे झालं.

यातला पहिला दावा सगळ्यात घातक. इंजेक्शनच्या वेळेला आधीच्या डोसचा असर ओसरत आलेला असतो, म्हणून तेव्हा आकडा चढा दिसतो. डोस पुरतो का, हे मधल्या तळावरून, म्हणजे दोन इंजेक्शनांमधल्या सगळ्यात कमी आकड्यावरून कळतं. त्यासाठी खाणं आणि इंजेक्शन रोजच्यासारखं देऊन बारा तास, दर दोन तासांनी साखर मोजायची. १५०च्या खाली आली की दर तासाला. तळ साधारण ८० ते १५० मिग्रॅ प्रति डेसिलिटर असावा.

समजा सकाळी ३६०, चार तासांनी ९०, आठ तासांनी २८०, संध्याकाळी ३५०. इथे डोस भरपूर आहे, इन्सुलिनचा असर मात्र फार लवकर संपतो. युनिट वाढवलं तर ते ९० धोक्याच्या पातळीवर जाईल. विचार करायचा तो इन्सुलिनचा प्रकार बदलण्याचा. दुसऱ्या मांजराचे आकडे ३६०, ३४०, ३१०, ३५०. इथे डोस कमी पडत असेलही, पण आधी बाटली जुनी किंवा उन्हात राहिलेली नाही ना, आणि औषध कातडीखाली न जाता केसांत सांडत नाही ना, हे पाहा. दोघांचा सकाळचा आकडा एकच, निर्णय मात्र वेगवेगळे.

शिवाय घाबरलेल्या मांजराची साखर, मधुमेह नसतानाही, ३००पर्यंत चढू शकते. दवाखान्यातल्या धरपकडीत घेतलेल्या एका आकड्यापेक्षा घरी कानाच्या कडेच्या थेंबावर काढलेला आलेख भरवशाचा. (‘डोस जास्त झाल्यामुळेच साखर उसळते’ हा उलट दावाही सर्रास केला जातो. खाली गेलेला आकडा प्रत्यक्ष मोजल्याशिवाय तोही मानू नये.)

रोज डोस वाढवणं तर नकोच. ग्लार्जिनसारख्या इन्सुलिनचा असर स्थिरावायला काही दिवस लागतात. साधारण आठवडा थांबून, नवा आलेख पशुवैद्यांना दाखवून, अर्धं किंवा फार तर एक युनिट. कमी करायची वेळ आली तर मात्र आठवडाभर वाट पाहू नका.

ग्लुकोमीटरचा दावा अर्धा खरा आहे. मांजराच्या रक्तातलं बहुतेक ग्लुकोज प्लाझ्मात (रक्ताच्या द्रव भागात) असतं, माणसाच्या तांबड्या पेशींतही बरंच असतं. त्यामुळे माणसांचं मशीन मांजराची साखर बहुधा कमी दाखवतं. चढउतार पाहायला ते चालतं, पण दोन मशीनचे आकडे एकाच आलेखात मिसळू नका.

सिरिंजबाबत साधा हिशेब करा. आपल्याकडे लाल टोपीची सिरिंज ४० युनिट प्रति मिलिलिटर इन्सुलिनसाठी, नारिंगी टोपीची १०० युनिटवाल्यासाठी. १०० युनिटचं ग्लार्जिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये एक युनिटच्या खुणेपर्यंत भरलं, तर मांजराला अडीच युनिट जातात.

साखर फार उतरून मांजर लटपटू लागलं, सुन्न बसलं किंवा झटके आले, तर आधी हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा, घशात ओतू नका. शुद्धीत असेल तर खायला द्या आणि लगेच दवाखाना गाठा. पुढचं इंजेक्शन पशुवैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.