भाई व्हायचंय? आधी शाळेचा दाखला काढून ठेवा

विषय इज्जतीचा आहे, त्यामुळे सुरुवातीपासूनच अहोजाहो करतो. वय वर्षं सतरा, दहावी सुटली किंवा सोडली, चौकात चार मित्र, त्यांच्यात मिळून दोन गाड्या आणि एक सायलेन्सर. एवढ्या भांडवलावर भाई होता येतं का? येतं. पुण्यात बिबवेवाडीपासून येरवड्यापर्यंत पोरं होतच आहेत. फक्त घाईत काही कागदपत्रं राहून जातात, म्हणून हे मार्गदर्शन.

पहिली पायरी फ्लेक्सची. फोटोत गॉगल हवा, फोन कानाला हवा. पलीकडे कुणी नसलं तरी चालतं. मागे वाघ किंवा सिंह. फ्लेक्सवाला विचारतो, "खाली कुणाची नावं टाकायची?" तेव्हा चारही मित्रांचे गोल फोटो द्या आणि शेवटी "समस्त मित्रपरिवार" लिहायला सांगा. ही फाईल फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर राहू द्या, पुढे लागते.

दुसरी पायरी वाढदिवस. रात्री बाराला गाडीच्या सीटवर ओळीने केक मांडायचे, नावाचं एकेक अक्षर एकेका केकवर. कापायला तलवार. केकवर १ आणि ८ या आकड्यांच्या मेणबत्त्या लावायला विसरू नका आणि रीलमध्ये त्या नीट दिसतील असं बघा. त्यांचं महत्त्व खाली येईल. तलवारीचा हिशेब सरळ आहे: रील टाकल्यावर लाईक मोजणाऱ्यांत पोलिसही असतात आणि शस्त्र कायद्याच्या ४/२५ कलमात शिक्षा किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन. केक मात्र अर्ध्या तासात संपतो.

आता हत्यार. तलवार वर्षातून एकदाच निघते, रोजच्या वापराला कोयता. मुळात तो ऊसतोड कामगाराचा आणि नारळवाल्याचा. नियमात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला बंदी आहे, पण शेतीच्या अवजाराला सूट आहे, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं असतं. बरोबर सांगितलं. तेव्हा रात्री पावणेबारा वाजता धनकवडीत तुम्ही नेमका कुणाचा ऊस तोडायला निघाला होतात, एवढंच पंचनाम्यात सांगावं लागेल. वर पोलीस आयुक्तांचा हत्यारबंदीचा आदेश बहुतेक लागू असतो, त्याचं महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३७ (१)(३) सह १३५ कलम वेगळं. पुण्यात पोलिसांनी कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड बघून नोंद ठेवायला दुकानदारांना सांगितल्यापासून एक सोय मात्र झाली. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या रजिस्टरमध्ये तुमचं पूर्ण नाव बिनचूक लिहिलं जातं.

माणसं किती घ्यायची? चारपर्यंत दोस्ती म्हणतात. पाचवा आला आणि हेतू वाईट असला की पोलिसांच्या मराठीत तिला "गैरकायद्याची मंडळी" म्हणतात. नाव ऐकून गणपती मंडळाची शाखा वाटेल, पण या मंडळात वर्गणी सगळ्यांना सारखी असते. भारतीय न्याय संहितेचं १९० कलम सांगतं की मंडळीच्या समान उद्देशासाठी एकाने जे केलं, ते सगळ्यांनी केलं. "मी फक्त गाडी चालवत होतो", "मी नुसता उभा होतो", "मी तर त्याला आवरत होतो" ही तीन वाक्यं महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतींना पाठ आहेत.

पहिलं काम म्हणून वाहनांची तोडफोड निवडावी. जोखीम कमी, आवाज मोठा. रात्री दोनच्या सुमाराला गल्लीत लावलेल्या गाड्यांवर दगड आणि कोयता चालवायचा, तोंडाने "आम्हीच इथले भाई" ओरडायचं. समोर विरोधी टोळी नसते, झोपलेल्या गाड्या असतात. पहिल्या रिक्षाची पुढची काच एका फटक्यात जाळी होऊन आत कोसळते, हूडचं रेक्झिन उभं फाटतं, मीटर लोंबकळतं. दिसायला झकास. त्या रिक्षाचा विमा थर्ड पार्टी असतो, म्हणजे काच मालकाच्या खिशातून. मालक पहाटे साडेपाचला उठून शाळेच्या पोरांची फेरी मारतो. जरा आठवून बघा, बालवाडीपासून तिसरीपर्यंत याच रिक्षात, ड्रायव्हरच्या शेजारच्या फळीवर बसून, तुम्ही शाळेत जात होतात. काकांनाही आठवतं. म्हणूनच अंधारात, तोंडाला रुमाल असूनही, ते तुमची चाल ओळखतात. दहशत बसवायची तर अनोळखी गल्ली निवडा हा सल्ला आम्ही दिला असता, पण अनोळखी गल्लीत तुम्हाला ओळखतं कोण आणि घाबरतं कोण?

यापुढचा टप्पा "मॅटर", म्हणजे मारामारी, कधी खून. कारण शोधत बसायची गरज नाही. खुन्नसने बघितलं, स्टेटसला नाव न घेता काहीतरी टाकलं, गाडीला कट मारला, एवढ्यावर पुण्यात माणसं मेली आहेत. मॅटर झाल्यावर काय होतं, हे कोणताही भाई सांगत नाही. म्हणून जरा थांबून सांगतो.

तुम्ही पाचजण एका बाकावर शिकलात, एका ताटात मिसळ खाल्लीत, एकाच गाडीवर तिघे बसून सिंहगडावर गेलात. आता शेवटचं एकत्र असणं म्हणजे पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यातला तो तास-दोन तासांचा वेळ. तिथून पुढे तुम्हाला वेगळं करणारी वस्तू कोयता नाही, शाळेचा दाखला आहे. गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशी कुणाचं वय काय, हे आधी त्यावर बघतात. तो नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तर हाडांची तपासणी. जुन्या काळी गुरुजी ज्याची तारीख माहीत नाही त्याला १ जून देऊन टाकायचे. तुमची तारीख आईने नीट सांगितली होती, आता तिचा उपयोग होईल.

तुमच्यातला सगळ्यात बारका पंधराचा. त्याने काहीही केलेलं असो, बाल न्याय मंडळ त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवू शकतं. दुसरा सतराचा. गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल, म्हणजे खुनासारखा, तर मंडळ त्याची प्राथमिक पडताळणी करतं: याला शरीराने, मनाने हे झेपत होतं का, परिणाम कळत होते का. "मला सगळं कळतं, मी इथला बाप आहे" असं रीलमध्ये शंभरदा म्हटलेलं असेल तर ते तेव्हा परत घेता येतं का, हे वकिलाला विचारा. मंडळाने ठरवलं तर त्याचा खटला प्रौढासारखा बाल न्यायालयात चालतो, एकविसाव्या वर्षापर्यंत सुरक्षित स्थळी मुक्काम आणि नंतर गरज वाटली तर कारागृह. तिसरा अठरा वर्षं दोन महिन्यांचा. तोच तो, ज्याच्या केकवर १ आणि ८ होते. त्याला यात कुठेच जागा नाही. तो सरळ येरवडा मध्यवर्ती कारागृहात. बाल निरीक्षण गृहही येरवड्यातच आहे, त्यामुळे पत्ता तिघांचा जवळपास सारखाच राहतो. भेट मात्र होत नाही.

इथे भाईगिरीला सगळ्यात मोठा धक्का बसतो. ज्या नावासाठी एवढं केलं, ते नाव छापायला कायद्याची बंदी आहे. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने अठराखालच्याचं नाव, फोटो, शाळा, काहीच देता येत नाही. पेपरात चार ओळी येतात आणि त्यात तुमची पदवी असते "विधिसंघर्षग्रस्त बालक". बालक! बेड्या नाहीत, लॉकअप नाही, बालकासोबतचा पोलीससुद्धा साध्या कपड्यात. मंडळासमोर नेताना रीलला लागेल असं एक दृश्य मिळत नाही. समोर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक बाई, आणि ती बाई पहिला प्रश्न विचारते, "बाळा, जेवलास का?"

३०० शब्दांचा निबंध लिहून सुटता येतं, हे मे २०२४ पासून पुण्यातल्या प्रत्येक कट्ट्यावर माहीत झालंय. त्यावर विसंबू नका. तो कल्याणीनगरच्या पोर्श अपघातातल्या श्रीमंत घरच्या पोराचा अभ्यासक्रम होता. आपल्या वस्तीला तो लागू झाल्याचं ऐकिवात नाही.

आता वकील. सुरुवातीला पाचही घरं मिळून एकच वकील करतात, स्वस्त पडतो आणि एकीही दिसते. पंधरा दिवसांत तोच सांगतो की तुमचं हित एकमेकांच्या आड येतंय. जामिनाचं गणित असं: ज्याला जामीन मिळाला, त्याच्याइतकीच किंवा त्याहून कमी आपली भूमिका आहे, असं न्यायालयाला पटवायचं. मग प्रत्येकाचा वकील उभा राहून आपल्या पोराला लहान आणि शेजारच्याला मोठा करत जातो. "माझा अशील गाडीवर मागे बसला होता, वार दुसऱ्याने केले." दुसऱ्याचा वकील सांगतो, कोयता पहिल्यानेच आणला. इतकी वर्षं तुम्ही एकमेकांना "तूच भाई" म्हणत होतात. आता तेच न्यायालयात, वकिलामार्फत.

व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव "जिगरी" असलं तर फारच छान, कारण आरोपपत्राला त्याचे स्क्रीनशॉट जोडतात. ते पुराव्यात आणायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचं प्रमाणपत्र लागतं. बारावीचं राहून गेलं तरी एक प्रमाणपत्र पदरात पडलं. ग्रुप सगळ्यात आधी कोण सोडतो, ते लक्षात ठेवा. माफीचा साक्षीदार बहुतेक तोच होतो.

पाचांतला अठरावाला एखाद्या मोठ्या भाईच्या पदराखाली असेल तर आणखी एक गंमत. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा कायदा. त्याला टोळीवर गेल्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रं लागतात. तुमच्या नावावर एकही नसेल, पण भाईच्या नावावर जुनी पडून आहेत, ती तुम्हाला चालतात. वारसाहक्कच म्हणा. किमान पाच वर्षं, किमान पाच लाख दंड, आरोपपत्राची मुदत नव्वदऐवजी एकशेऐंशी दिवसांपर्यंत. आणि इतरत्र पोलिसासमोरचा कबुलीजबाब पुराव्यात धरत नाहीत, इथे उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा धरतात, तोही सहआरोपीविरुद्धसुद्धा. म्हणजे जिगरी दोस्त एका खोलीत जे बोलला, ते तुमच्या खटल्यात वाचलं जातं.

भाई अठराखालची पोरं का धरतो, हा प्रश्न तुम्हाला पडू नये अशी त्याची इच्छा असते. "तू लहान आहेस, लगेच सुटशील," असं तो मायेने सांगतो. पोरांना असं वापरणाऱ्या मोठ्यांना याच बाल न्याय कायद्याच्या ८३ व्या कलमात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, त्यामुळे त्याला तुमची नाही, त्या कलमाची काळजी. जामिनाच्या वेळी तो फोन उचलत नाही. उचलला तर "बघतो" म्हणतो.

आणि मोठ्या भाईचं तरी काय? फेब्रुवारी २०२१ मध्ये तळोजा कारागृहातून सुटलेल्या गजानन मारणेची गाड्यांची मिरवणूक द्रुतगती मार्गावरून निघाली, तिचे व्हिडिओ तुम्ही पाठ केलेत. त्या मिरवणुकीचाच नवा गुन्हा दाखल झाला, तो व्हिडिओत दिसत नाही. ५ जानेवारी २०२४ ला कोथरूडच्या सुतारदऱ्यात शरद मोहोळला भरदिवसा गोळ्या घातल्या, लग्नाच्या वाढदिवसाला. आरोपी म्हणून पकडलेल्यांत त्याच्याच सोबत वावरणारा होता. कट्टा या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. मित्र बसतात तो, आणि कमरेला खोचतात तो. पहिल्यावर बसलेल्यांच्याच हातात पुढे दुसरा येतो.

सुटून आलात की काम संपत नाही. वस्तीचा बादशहा म्हणून मिरवलेल्याला तडीपारीची नोटीस येते. दोन वर्षांपर्यंत शहरात आणि जिल्ह्यात पाऊल टाकायचं नाही. स्वतःच्या साम्राज्यात दिवाळीला चोरून यायचं आणि आईने दार लावून, दिवा न लावता वाढलेलं खायचं. तुमची आई आणि मित्राची आई पूर्वी एकाच भिशीत होत्या. आता शिवाजीनगर न्यायालयाच्या व्हरांड्यात दोघी दोन बाकांवर बसतात. एकीच्या पिशवीत डबा असतो, दुसरीच्या पोराला तो आवडायचा हे तिला माहीत असतं. ती डबा उघडत नाही. सॉल्व्हंट, म्हणजे ऐपतदार, जामीनदार शोधताना दोघींचं सोनं एकाच सराफाकडे गेलेलं असतं.

आणि ग्रुपमधला सहावा? तो त्या रात्री आलाच नव्हता. पोटात दुखतंय म्हणाला. तुम्ही त्याला फट्टू म्हणालात, ग्रुपमधून काढलंत. तो सध्या पहाटे पाचला मैदानावर सोळाशे मीटर पळतो, पोलीस भरतीसाठी. चारित्र्य पडताळणीत तुमची ओळख निघू नये म्हणून समोरून आलात तर रस्ता ओलांडतो.

आता ती फाईल. तुमच्यातल्या एखाद्याचा गेम झाला, समोरच्यांनी केला किंवा आपल्यातल्यांनीच, की घरचं कुणीतरी फ्लेक्सवाल्याकडे जातं. वेगळा फोटो शोधावा लागत नाही. तोच गॉगल, तोच कानाला फोन. फ्लेक्सवाला मागचा वाघ काढतो, ढग टाकतो, "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" पुसून "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहितो. पाच मिनिटांचं काम. मग माऊसवरचा हात थांबवून विचारतो, "खाली गोल फोटो आहेत चार. शोकाकुल मित्रपरिवार म्हणून हेच ठेवू, की यातले काही काढायचेत?"