थेरेमिन उलटं वाजतंय? सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: माझा लेख वाचून तुम्ही थेरेमिनच्या (स्पर्श न करता, अँटेनाजवळ हात हलवून वाजवायच्या वाद्याच्या) किटवरचे सगळे सोल्डरचे डाग पुन्हा दिलेत, दोन ट्रान्झिस्टर बदललेत, तरी अँटेनाजवळ हात नेला की सूर चढायच्याऐवजी उतरतोच. वर मी सगळं खापर बनवणाऱ्याच्या सोल्डरिंगवर फोडतो.

खापराचं मान्य. ‘दहातले नऊ बिघाड सोल्डरिंगचे’ हे वाक्य मी मोजून लिहिलेलं नव्हतं, ठोकून दिलं होतं. आजच काढतो. पण तुमच्या बाबतीत झालंय ते आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सूर उलटा का होईना, हाताबरोबर हलतोय ना? मग दोन्ही ऑसिलेटर (ठरावीक वारंवारतेची कंपनं तयार करणारी सर्किटं, एक स्थिर आणि एक अँटेनाला जोडलेलं) चालू आहेत आणि अँटेनाही जोडलेली आहे. मेलेलं सर्किट उलटंसुद्धा वाजत नाही.

समजा, स्थिर ऑसिलेटर ३०० किलोहर्ट्झवर आहे आणि अँटेनाचा ३०१ वर. कानाला येतो तो फरक, १ किलोहर्ट्झ. हात जवळ आला की अँटेनाचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढतो आणि अँटेनाचा ऑसिलेटर खाली सरकतो. म्हणजे ३०० च्या जवळ येतो, फरक घटतो, सूर उतरतो. तोच २९९ वर असता तर खाली सरकताना फरक वाढला असता. फरक जिथे शून्य होतो, त्या जागेच्या चुकीच्या बाजूला तुम्ही उभे आहात, एवढंच.

अँटेनाच्या ऑसिलेटरच्या कॉइलचा गाभा सूर उतरेल त्या दिशेला फिरवत राहा. आधी घरघर, मग शांतता, मग पुन्हा चढता सूर. शांतता ओलांडली की लगेच थांबा. फिरवायला प्लास्टिकचीच काडी घ्या. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर आत असताना कॉइलचं इंडक्टन्स (ज्यावर ऑसिलेटरची वारंवारता ठरते) वेगळं असतं, तो बाहेर काढला की सूर उडी मारतो. (मी एक अख्खी संध्याकाळ कॉइल सैल आहे असं समजून ती दाबत बसलो होतो. गाभा शेवटी तडकलाच.) आणि वाकून ट्यून करू नका. तुमचं अंगही सर्किटचाच भाग आहे, वाजवताना जिथे उभे राहता तिथूनच ऐका. त्याआधी पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून तापू द्या. हे मी लेखात लिहायलाच हवं होतं, राहिलं.

अगदी खालचे सूर अचानक गायब होतात म्हणालात, तिथे मात्र दोष तुमचा नाही. दोन ऑसिलेटर फार जवळ आले की एकमेकांना धरून एकाच वारंवारतेवर चालू लागतात, फरकच उरत नाही. दोन्ही कॉइल बोर्डावर खेटून असतील तर हे होणारच. प्रत्येक ऑसिलेटरच्या सप्लायला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून बघा. थोडा फरक पडतो, पूर्ण नाही.

पुढे कधी ते खरंच गप्प झालं तर आधी मीडियम वेव्ह रेडिओ जवळ धरा आणि ६०० किलोहर्ट्झच्या आसपास काटा फिरवा. ३०० ची दुप्पट तिथे सापडते: रेडिओची खरखर एकदम दबली की ऑसिलेटर जिवंत.

काढलेले ट्रान्झिस्टर अजून टाकले नसतील तर ठेवा. बहुधा चांगलेच असतील.