बटण आणि इंजिनावरचा भार : एका प्रतिक्रियेला उत्तर

भार कमी असताना चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद करणाऱ्या इंजिनांवरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. इको आणि स्पोर्ट ही बटणे असताना असा बदल इंजिनावर सोपवण्याची गरज नाही, ऐन ओव्हरटेकच्या वेळी पिकअप मिळणार नाही आणि वाचणारे पेट्रोल नगण्य असेल. यांतील तिसरा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. पहिले दोन नाहीत.

इकोचे बटण प्रामुख्याने ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद, गिअर बदलण्याची वेळ आणि एसीचे काम बदलते. मात्र हलक्या भारावर पेट्रोल इंजिनाचा मोठा तोटा थ्रॉटलपाशी, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या झडपेपाशी होतो, कारण ती झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टनला त्या फटीतून हवा ओढण्यासाठीच शक्ती खर्चावी लागते. मधल्या दोन सिलिंडरांचे व्हॉल्व्ह मिटवून त्यांचे इंधन तोडले, की तेवढाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देण्यासाठी उरलेल्या दोघांना थ्रॉटल अधिक उघडावे लागते, आणि बचत होते ती तिथे. भार दर क्षणी बदलत असल्याने हा निर्णय बोटाने घेता येण्यासारखा नाही.

नागपूरच्या वर्धा मार्गावरील दुमजली उड्डाणपुलावर मी हे रोज पाहतो. सपाट भागात, पन्नासच्या वेगाला डॅशबोर्डवर दोन सिलिंडरची खूण उमटते. उताराच्या टोकाला पुन्हा थोडा पाय दिला, किंवा मे महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला, की ती विझते, आणि खुणेकडे पाहिले नाही तर बदल झाल्याचे कळतही नाही.

पिकअपची आपली शंका निराधार नाही. १९८१ साली कॅडिलॅकने आठ, सहा आणि चार सिलिंडरांवर चालणारे इंजिन आणले होते. त्या काळच्या नियंत्रण यंत्रणेला हे काम पेलले नाही, गाड्या हिसके देऊ लागल्या आणि अनेक मालकांनी ती सोयच बंद करून घेतली. आज स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुनच्या दीड लिटर इंजिनात, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवरील सरकती बाही हे काम करते. मिनिटाला २,००० फेऱ्यांवर क्रँकशाफ्टची एक फेरी ३० मिलिसेकंदांत होते, आणि बदलही साधारण तेवढ्याच अवधीत उरकतो. ट्रक ओलांडताना आपल्याला जो विलंब जाणवतो, तो बहुधा टर्बोचा दाब वाढण्याचा किंवा गिअर खाली येण्याचा असतो. या दोन्ही कारणांचा सिलिंडर बंद होण्याशी संबंध नाही.

आता बचतीविषयी. सीताबर्डीच्या सिग्नलांवर गाडी वारंवार थांबते आणि निघते, त्यामुळे तिथे या यंत्रणेला फारसा वावच मिळत नाही. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाला हवेचा रोध इतका वाढलेला असतो, की इंजिन बहुतेक वेळ चारही सिलिंडरांवर चालते. तिथे ॲव्हरेज हवे असेल, तर नव्वदच्या आसपास चालवण्याइतका परिणाम कोणतीही यंत्रणा देणार नाही. मूळ लेखात मी ‘महामार्गावर हमखास बचत’ असे लिहिले होते, ते चूक होते. आपल्या प्रतिक्रियेनंतर त्या जागी ‘मध्यम, स्थिर वेगात बचत’ अशी दुरुस्ती केली आहे.