ओव्हरफ्लोच्या नळीला एम-सील लावू नका

"गाडी थरथरते? पेट्रोलचा वास येतो? गॅरेजला पैसे घालवू नका!" हा मेसेज सध्या सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. काल तो माझ्या भाच्याने मलाच पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, संध्याकाळी एम-सील आणतो." त्याच्याकडे कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग म्हणजे कार्ब्युरेटर) जुनी टूरिंग मोटरसायकल आहे. ती उभी असते जिन्याखाली, गॅस गिझरच्या शेजारी. म्हणून लिहायला बसलो.

मेसेजात पाच गोष्टी आहेत: वास पेट्रोलात मिसळलेल्या इथेनॉलचा आणि उन्हाचा, म्हणून दुर्लक्ष करा; कार्ब्युरेटरची ओव्हरफ्लोची नळी एम-सीलने बुजवा; टाकीच्या झाकणाखाली प्लास्टिक लावा; जाड ऑइल घाला; आणि थरथर हा सिंगल सिलिंडरचा स्वभावच, हँडलला फोमच्या ग्रिप बसवा.

आधी नळीचं बोलतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल किती घ्यायचं ते फ्लोट आणि नीडल ठरवतात. गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक करतो तेच काम. नीडलखाली कचरा अडकला, तिचं टोक झिजलं किंवा फ्लोटला भोक पडून तो बुडाला, की पेट्रोल यायचं थांबत नाही. जास्तीचं मग नळीवाटे बाहेर पडतं. नळी बुजवली तरी वरून पेट्रोल येतच राहतं, फक्त वाट बदलतं: एअर फिल्टरच्या डब्यात, नाहीतर इंजिनात. सिलिंडरमध्ये साचलेल्या पेट्रोलवर सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, कारण द्रव दाबला जात नाही. पिस्टनच्या रिंगांमधून खाली झिरपलं तर ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगं जातात. डब्यातून गळून तापलेल्या इंजिनवर पडलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांनाही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असते, जिन्याखाली फरशीलगत साचून राहते. आणि तिथे शेजारी गिझरचा बर्नर! ज्याने हा उपाय लिहिला त्याने वाटी कधी उघडून तरी पाहिली आहे का?

वास आला की पेट्रोल कॉक बंद करा, गाडी उघड्यावर ढकलत न्या, सेल्फला हात लावू नका. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली असेल तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. इंजिन गार असताना वाटीला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकलं तर अडकलेला फ्लोट कधी कधी सुटतो. तरी गळत असेल तर वाटी उघडून साफ करा, नीडल बदला. आणि ओव्हरफ्लो कोरडा असूनही वास येत असेल तर कॉकचं वॉशर, रबरी पाइप आणि त्याचे क्लॅम्प तपासा.

आता इथेनॉल. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. नीती आयोगाच्या 2021 च्या इथेनॉल आराखड्यातच म्हटलंय की ई-20 म्हणजे 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल सहन करणारं साहित्य वापरलेल्या गाड्या एप्रिल 2023 पासून आणाव्यात. म्हणजे त्याआधीच्या गाडीच्या रबराची खात्री धरता येत नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीला हवेसाठी छिद्र असतं, त्यामुळे भर उन्हातून येऊन गाडी लावली की थोडा वास येतो, हेही खरं. पण सकाळी गार गाडीजवळ वास येत असेल, खाली डाग असेल, तर तो उन्हाचा नाही. इथेनॉलने रबर चिरलं असेल तर पाइप बदलायचा. दुर्लक्ष कसलं करताय?

झाकणाखाली प्लास्टिक लावलं की हवेचं छिद्र बंद होतं, टाकीत पोकळी तयार होते आणि गाडी हायवेवर बंद पडते. जाड ऑइलने ढिला बोल्ट घट्ट होत नाही. मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच घाला.

राहिली थरथर. सिंगल सिलिंडर थोडं हलणारच. पण काल नव्हती आणि आज आहे, तर तो स्वभाव नव्हे. न्यूट्रलमध्ये रेस करून बघा. जागेवरच थरथरत असेल तर इंजिनचे फाउंडेशन बोल्ट आणि इंजिन धरणारे ब्रॅकेट बघा. फक्त चालताना येत असेल तर चेन, स्प्रॉकेट, मागच्या हबमधले रबर, चाकाचं बेअरिंग, टायर. मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून गाडी वाहू द्या; आरपीएम (इंजिनचे फेरे) पडले तरी थरथर वेगासोबत टिकली तर दोष चाकांकडे आहे. फोमच्या ग्रिपने हाताला कळेनासं होतं, बोल्ट मात्र सैल होतच राहतो. याच थरथरीने पेट्रोलचा पाइप फ्रेमला घासून चिरतो, कार्ब्युरेटरचे क्लॅम्प ढिले होतात. म्हणजे वास आणि थरथर कित्येकदा एकाच दुखण्याची असतात.

भाच्याला पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचंय. त्याला सांगितलंय: नीडल आणि पाइप बदल, बोल्ट आवळ, मग आधी तुळजापूरचा घाट चढून परत ये. गाडी गार झाली की क्लॅम्प पुन्हा बघ, आणि रात्रभर खाली पुठ्ठा ठेव. सकाळी त्यावर डाग दिसला तर पुण्याला एसटीने जा.