शहरातल्या सर्किटवर फॉर्म्युला ई बघायला जाताय? मग मुख्य स्टँडचं तिकीट काढू नका

फॉर्म्युला ईची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत एखाद्या शहरात भरणार म्हटलं की लोक पहिल्यांदा मुख्य सरळ रस्त्यासमोरचं तिकीट शोधतात. सुरुवात तिथे, शेवट तिथे, समोर पिट (संघांची गाड्या थांबवण्याची जागा), शिवाय तिकीट महाग म्हणजे जागा चांगलीच असणार. तात्पुरत्या शहरी सर्किटवर सगळ्यात कमी दिसतं ते तिथूनच, हे माझं ठाम मत आहे. साधा हिशोब करा. गाडी ताशी २०० किलोमीटरने आली तर सेकंदाला ५५ मीटर जाते. तुमच्या नजरेत रस्ता जेमतेम दीडशे मीटर, कारण पुढे भिंत, जाळी, होर्डिंग आणि दुसरा स्टँड. म्हणजे तीन सेकंदांच्या आत गाडी आली आणि गेली. त्या तीन सेकंदांत चालक काहीच वेगळं करत नसतो, सरळ गाडी चालवत असतो.

बसायचं तर सगळ्यात लांब सरळ पट्टा संपून जिथे गाडीला एकदम मंदावून अरुंद वळणात शिरावं लागतं, तिथे. हैदराबादला ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागरच्या काठी शर्यत झाली. २.८ किलोमीटरचं सर्किट, १८ वळणं. तिथल्या तिसऱ्या वळणावर, जवळजवळ उलट फिरवणाऱ्या त्या हेअरपिनवर, सॅम बर्डची जॅग्वार आत घुसली आणि आपल्याच संघातल्या मिच इव्हान्सला धडकली. जिथे वेग सगळ्यात जास्त खाली येतो तिथेच चालक जुगार खेळतात. सर्किटचा नकाशा महिना-दीड महिना आधी हातात येतो. त्यात लांब पट्ट्यानंतरचं सगळ्यात टोकदार वळण शोधा आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचा स्टँड घ्या. आतल्या अंगाला बसलात तर गाडीचं नाक दिसतं, पण चालक कुठली रेषा पकडतोय ते कळत नाही.

दुसरी उत्तम जागा अटॅक मोडच्या, म्हणजे थोडा वेळ जादा शक्ती मिळवून देणाऱ्या पट्ट्यासमोर. हा पट्टा मुद्दाम नेहमीच्या रेषेच्या बाहेर, वळणाच्या लांबच्या कडेला आखलेला असतो. जादा ५० किलोवॅट हवे असतील तर चालकाने आधी बटण दाबून तयारी करायची आणि मग त्या पट्ट्यातल्या खुणांवरून गाडी नेमकी न्यायची. शक्ती ३०० वरून ३५० किलोवॅटवर जाते. २०२४-२५ पासूनच्या जेन३ इव्हो (तिसऱ्या पिढीच्या सुधारित) गाडीत तर तेवढ्या वेळापुरती पुढची चाकंही ओढायला लागतात. मात्र तो पट्टा शर्यतीच्या रेषेबाहेर असल्यामुळे तिथे धूळ आणि टायरचे झिजलेले तुकडे साचलेले असतात. गाडी तिथे घसरते, कधी एखादी खूण चुकते आणि जादा शक्ती मिळतच नाही, जागा मात्र गेलेली असते. साधारण दोन वेळा मिळून ८ मिनिटांची ही चैन. ती कोण कधी वापरतो यावर शर्यतीचा अर्धा निकाल ठरतो, आणि ते डोळ्यांदेखत बघण्यात जी मजा आहे ती पडद्यावर नाही.

आता रस्त्याबद्दल. माझ्या दृष्टीने मुख्य विषय हाच आहे.

कायमच्या सर्किटवर डांबर शर्यतीसाठीच टाकलेलं असतं. शहरातला रस्ता बस, ट्रक आणि पावसाचं पाणी यांच्यासाठी बांधलेला असतो. पाणी वाहून जावं म्हणून तो मध्ये किंचित उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. शर्यतीची रेषा हा उंचवटा तिरकी ओलांडते, आणि नेमक्या त्या क्षणी एका बाजूच्या चाकांवरचा भार हलका होतो. चौकात दोन रस्त्यांचं डांबर वेगवेगळ्या वर्षी पडलेलं असतं, त्यामुळे सांध्यावर पकड एकदम बदलते. गटारांची आणि केबलच्या खड्ड्यांची झाकणं वेल्डिंग करून किंवा बोल्टने घट्ट बसवावी लागतात, कारण जमिनीला खेटून वेगाने जाणारी गाडी आपल्या खालून झाकण वर ओढू शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये लास वेगासला फॉर्म्युला वनच्या पहिल्याच सरावात हे घडलं. पाण्याच्या वाहिनीचं झाकण उखडलं, कार्लोस साइन्झच्या फेरारीचं बूड फाटलं आणि दहा मिनिटांच्या आत सराव थांबला. झेब्रा क्रॉसिंगचा आणि लेनचा पांढरा रंग कोरड्यातही जरा गुळगुळीत लागतो. ओल्यात तर विचारूच नका.

उष्णतेचाही त्रास असतो. चिलीतल्या सँतियागोला जानेवारी २०१९ मध्ये उन्हाने डांबर वळणावर सुटायला लागलं होतं. टोकियोला मार्च २०२४ मध्ये बिग साइट प्रदर्शन केंद्राच्या परिसरातल्या सर्किटवर एका उंचवट्यावर गाड्यांची चाकं जमीन सोडत होती. लंडनला तर २०२१ पासून एक्सेल प्रदर्शन केंद्राच्या हॉलमधूनच सर्किट जातं. पाऊस आला की आत कोरडी फरशी आणि बाहेर ओलं डांबर, तेही एकाच फेरीत. ही अडचण म्हणून बघू नका. शहरी शर्यतीची परीक्षा हीच आहे, आणि चालकाचं कसब इथेच उघडं पडतं. म्हणून सरावाच्या सत्रात एखादा उंचवटा हेरून ठेवा. कोणाची गाडी तिथे एकदाच हलून शांत होते आणि कोणाची दोन-तीनदा उसळते, एवढंच बघत राहिलात तरी कोणत्या संघाने सस्पेन्शन नीट जुळवलंय हे पात्रता फेरीआधीच लक्षात येतं.

सराव चुकवू नका हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. आदल्या दिवसापर्यंत त्या रस्त्यावर रहदारी असते. तेल, माती, वाळलेली पानं, सगळं तिथेच. पहिल्या सत्रात पकड जवळजवळ नसते, गाड्या रुंद जातात, भिंतीला घासतात. जसजसं रबर बसत जातं तसतशी एक गडद रेषा उमटते आणि फेरीचा वेळ झपाट्याने खाली येतो. त्या रेषेपासून हातभर बाहेर गेलं की पुन्हा धूळ. शर्यतीत ओव्हरटेक करणं एवढं अवघड का, हे ती रेषा बघितल्यावर आपोआप कळतं.

भिंतीबद्दलही थोडं. काँक्रीटचे कित्येक टनांचे ठोकळे एकमेकांना जोडून ही भिंत उभी करतात, त्यावर पोलादी जाळी, आणि जिथे आपटण्याची शक्यता जास्त तिथे धक्का शोषणारे अडथळे. ठोकळ्यांच्या सांध्यात एक जरी कड बाहेर आली तरी तिला चाक अडकून सस्पेन्शनचा दांडा मोडतो. वळणातून बाहेर पडताना चांगले चालक भिंतीपासून बोटभर अंतर ठेवतात. सराव संपल्यावर भिंतीवरचे काळे ओरखडे बघा, कोणत्या वळणावर शर्यतीत घोळ होणार त्याचा अंदाज येतो.

"आवाज नाही, मग मजा काय?" हा आक्षेप दर वर्षी ऐकू येतो आणि मला तो अजिबात पटत नाही. आवाज आहे, फक्त वेगळा आहे. मोटर आणि गिअरची चढती शिट्टी, टायरचं किंचाळणं, गाडीचं बूड रस्त्याला घासल्याचा खरखराट. इंजिनाच्या गडगडाटाखाली हे सगळं दबून जातं, इथे सुटं सुटं कानावर येतं. शिवाय लहान मुलं कानात बोळे न घालता बसू शकतात आणि शेजाऱ्याशी बोलता येतं.

या आवाजातूनच ऊर्जेचा खेळ ऐकता येतो, तो कसा ते सांगतो. जेन३ गाडीत शर्यतीसाठी वापरायला ३८.५ किलोवॅट-तास मिळतात. शर्यत ३० फेऱ्यांची धरली तर एका फेरीला साधारण १.२८ किलोवॅट-तास, म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या वर थोडं. दोन गाड्यांच्या बॅटरीत एका टक्क्याचा फरक असेल तर तो फेरीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ठरतो. म्हणून पडद्यावर किंवा अधिकृत अॅपवर टक्के बघताना एका टक्क्याला किरकोळ समजू नका. तेवढी ऊर्जा वाचवायची म्हणून चालक वळणाच्या बऱ्याच आधी पाय उचलतो, गाडी नुसती सोडून देतो आणि मग मोटरने मंदावतो. मंदावताना पुढची मोटर २५० आणि मागची ३५०, अशी ६०० किलोवॅटपर्यंत ऊर्जा परत बॅटरीत भरता येते. मागच्या चाकांना तर नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक नाहीतच, ते काम मोटरच करते.

ऐकायचं असं. तुमच्या समोरचं एखादं होर्डिंग किंवा खांब खूण म्हणून धरा. पात्रता फेरीत शिट्टीचा सूर त्या खुणेच्या किती पुढे जाऊन खाली येतो ते लक्षात ठेवा. तिथे कोणी वाचवत नाही. आधी गटांच्या फेरीत ३०० किलोवॅट असतात आणि मग दोघा-दोघांच्या द्वंद्वात ३५०. मग शर्यतीत तोच सूर किती आधी उतरतो ते ऐका. मधल्या फेऱ्यांत आघाडीची गाडी लवकर पाय उचलत असेल आणि मागची उशिरा, तर मागच्याकडे ऊर्जा शिल्लक आहे किंवा तो घाई करतोय. कोणतं खरं ते शेवटच्या पाच फेऱ्यांत कळतं. हैदराबादला जाँ-एरिक व्हर्नने शेवटी कमी ऊर्जेवर निक कॅसिडीला मागे ठेवलं आणि शर्यत जिंकली. अरुंद रस्ता त्याच्या बाजूने होता.

आता पिट बूस्टही आलंय. २०२५ मध्ये जेद्दाहला पहिल्यांदा वापरलं. गाडी पिटमध्ये उभी, ३० सेकंद ६०० किलोवॅटपर्यंत चार्जिंग, मिळतात ३.८५ किलोवॅट-तास, म्हणजे दहा टक्के. मात्र हे सगळ्या शर्यतींत नसतं. ज्या शर्यतीत असेल तेवढ्याच दिवशी पिटसमोरच्या जागेला खरी किंमत आहे, हे मान्य.

पावसाचं भाकीत असेल तर टायरबद्दल एक गोष्ट माहीत हवी. इथे कोरड्याचे गुळगुळीत आणि ओल्याचे खाचांचे असे दोन संच नसतात. २०२३ पासून हॅनकूकचे, त्याआधी मिशेलिनचे, दोन्ही खाचांचेच आणि सगळ्या हवामानाला एकच. तरी साचलेल्या पाण्यापुढे काही चालत नाही. जुलै २०२२ ला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये अचानक सर आली आणि पुढच्या गाड्या एकामागोमाग एक पाण्यावर तरंगत जाऊन एकाच अडथळ्यावर आदळल्या. शर्यत तिथेच थांबली. आधीच्या फेरीचा क्रम धरल्यामुळे कॅसिडी विजेता ठरला, त्याची गाडीही त्याच ढिगात असताना! एखादी गाडी आपटून थांबली की तिच्यावरच्या दिव्याकडे बघा. हिरवा असेल तर मार्शल हात लावतात. लाल असेल तर गाडीत विजेचा धोका आहे, इन्सुलेटेड हातमोजे घातलेल्यांशिवाय कोणी जवळ जात नाही. मार्शल हळू काम करतायत म्हणून ओरडू नका.

जागेवर पोचण्याचं सांगायचं तर स्वतःची गाडी घरीच ठेवा. रस्ते बंद, वळवलेले, आणि पार्किंग जिथे दाखवलंय तिथून चालत येण्यातच तासभर जातो. मेट्रोने किंवा लोकलने या, आणि जवळच्या स्टेशनापेक्षा तुमच्या तिकिटावरच्या गेटला सोयीचं स्टेशन बघा. शहरी सर्किट म्हणजे बंद कडं असतं. चुकीच्या बाजूला उतरलात तर ओलांडायला मोजके तात्पुरते पूल, त्यावर गर्दी, आणि शर्यतीआधी ते बंदही होतात. स्टँडला बहुधा छप्पर नसतं, टोपी आणि पाणी आपलं आपण न्यावं.

स्टँडमध्ये वरच्या ओळी घ्या. खालच्या ओळीतून जाळीकडे तिरकं बघावं लागतं आणि तिरक्या नजरेला जाळी भिंतीसारखी बंद दिसते, समोरून मात्र आरपार दिसतं. समोर मोठा पडदा आहे का हे तिकीट घेण्याआधी नकाशात तपासा. पडद्याशिवाय उरलेल्या दोन किलोमीटरवर काय चाललंय ते कळत नाही आणि शर्यत हातातून निसटते. फोटो काढायचे असतील तर भिंग जाळीच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्या, अॅपर्चर पूर्ण उघडा, म्हणजे तारा विरघळतात. शटर १/१२५ च्या आसपास ठेवून गाडीबरोबर कॅमेरा फिरवा.

एक गोष्ट मनापासून खुपते. गाड्या वेगवान होत चालल्या तसतशी ही मालिका कायमच्या सर्किटांकडे सरकते आहे. पोर्टलंड, मिसानो, शांघाय, होमस्टेड. सुरक्षेची कारणं खरी आहेत. पण रुंद आणि गुळगुळीत रस्त्यावर सगळेच एकमेकांच्या आडोशाला राहून ऊर्जा वाचवतात, कारण पुढच्या गाडीला हवा फोडावी लागते. पोर्टलंडला २०२३ मध्ये एका शर्यतीत ४०३ ओव्हरटेक नोंदले गेले. त्यातले बरेचसे समोरच्याने स्वतःहून दिलेले होते, कारण पुढे राहायचंच नव्हतं कोणाला. अरुंद रस्त्यावर एक जागा मिळवायला दहा फेऱ्या दबा धरावा लागतो आणि ती एकच जागा लक्षात राहते. शहराचे रस्ते सोडून ही मालिका मोठी होईल असं मला वाटत नाही.

जमलं तर एक दिवस जास्त काढा. शर्यतीनंतर भिंती, जाळ्या, पूल उचलायला वेळ लागतो, पण रस्त्याचे काही भाग लवकर मोकळे होतात. रहदारीला अडथळा न करता फुटपाथवरून चाला. ब्रेकिंगच्या काळ्या रेषा अजून डांबरावर असतात, कर्ब जिथे ठोकले होते तिथे बोल्टची भोकं बुजवलेली दिसतात. स्टँडमधून सपाट वाटलेला तो चौक पायाखाली किती कलता आहे ते तेव्हा समजतं.